उलटवलेल्या कॉलरी

दारात उभे राहून उच्चारायचे वाक्य वहिनींनी फार वर्षांपूर्वी स्वतःच बेतले होते, आणि पुष्कळ वापराने ते त्यांच्या जिभेवर अगदी अंगासरसे बसले होते. "घरातल्या माणसाचे जे कपडे आता कुणाच्या अंगाला लागायचे नाहीत, ते आम्हाला द्याल का? आजारी मुलांच्या अंगावर जातील." एवढेच. त्याच्या पुढे सांत्वनाचा शब्द नाही, मागे आभाराचे पाल्हाळ नाही. शोकाच्या घरात फार बोलणारा मनुष्य नकोसा होतो, हे त्या जाणून होत्या.

केव्हा जायचे, हेही ठरलेले असे. मृत्यूनंतर तिसऱ्या महिन्यात. त्याआधी गेले तर देणाऱ्याचा हात सुटत नाही. फार उशिरा गेले तर चांगलेचुंगले भाच्या-पुतण्यांनी नेलेले असते आणि राहिलेल्याला कसर लागलेली असते. तिसऱ्या महिन्यात मनुष्य कपाट उघडतो, नुसता उभा राहतो, आणि पुन्हा लावून घेतो. नेमक्या त्या सुमारास वहिनी दार वाजवीत.

जुन्या कपड्यांच्या गोधड्या करून त्या रुग्णालयातल्या मुलांच्या कक्षाला द्यायच्या, असा काही वयस्क स्त्रियांचा नेम होता. दवाखान्यामागच्या एका लांबट खोलीत त्या जमत. कापड मिळवणे आणि त्याचे चौकोन कापणे हे वहिनींचे काम. निवृत्त नर्सबाई आलेले कपडे उसवून त्यांच्या कॉलरी, कफ, खिसे, बटणे वेगळी करीत आणि सपाट कापड वहिनींच्या पुढ्यात सरकवीत. रचना आणि शिस्त हेडबाईंकडे. एका शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून त्यांची हयात गेली होती, आणि खोलीतही त्या खडू हातात असल्याप्रमाणेच बोलत. आणखी काही जणी टाके घालायला येत.

हेडबाईंचे दोन दंडक होते. पहिला असा की कापड पाहायचे, कपडा पाहायचा नाही. हा कुणाचा असेल, कुठे घातला असेल, असल्या विचारांत पडले की कात्री अडते. दुसरा दंडक एका प्रसंगातून आलेला. एकदा एकाच घरचे सारे कापड एका गोधडीत गेले, आणि त्या घरची मुलगी काही कामाने रुग्णालयात आली असता आईचे सगळे आयुष्य एका अनोळखी बालकाच्या अंगावर पसरलेले पाहून तिथेच खाली बसली. तिला उठवता उठवता पुरेवाट झाली. तेव्हापासून एका घरचे कापड एका गोधडीत घालायचे नाही, ते सगळ्यांत विखरून टाकायचे, असे ठरले.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडी वहिनींचे यजमान वारले. छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची अक्षरे, जुळवण्यात त्यांचा जन्म गेला होता. वहिनींना दुःख झाले नाही असे नव्हे. परंतु ते आपण कुठे ठेवले आहे, हेच त्यांना सापडेना. दात काढल्यावर गाल जसा परका वाटतो, बोट लावले तरी दुसऱ्याच कुणाला लागल्यासारखे होते, तशी त्यांच्या चित्ताची अवस्था झाली होती. चहा गरम आहे की निवाला आहे, हे पिऊन झाल्यावरही त्यांना सांगता येत नसे. त्या वेळेवर उठत, वेळेवर जेवत, खोलीवर जाऊन चौकोन कापीत. चौकोन पूर्वीसारखेच काटकोनात येत.

यजमानांचे कपाट मात्र त्यांनी उघडले नव्हते. तिसरा महिना आला आणि गेला. पावसाळाही सरला. कपाटाच्या दारावरून त्या आठवड्यातून एकदा ओले फडके फिरवीत, किल्ली कुलपातच होती, परंतु ती फिरवण्याचे त्यांच्या मनात येत नसे. दार बंद आहे तोवर आत सर्व काही होते तसे आहे. त्यांच्याजवळ शिल्लक राहिलेली एवढीच एक गोष्ट होती.

आणि त्याच वर्षी कापडाचा दुष्काळ पडला.

"कापड नाही, तर गोधड्या नाहीत," हेडबाईंनी टेबलाची रिकामी बाजू हाताने पुसत म्हटले. "थंडी दाराशी आली. कक्षातून दोनदा निरोप आलाय. ह्या वर्षी नाही म्हणून कळवायचं का?"

नर्सबाई बटणांच्या डब्यात उगीचच बोटे फिरवू लागल्या. मग हेडबाईंनी चष्मा काढला. तो त्या क्वचितच काढीत.

"वहिनी, रागावू नका. तुमच्या घरी..."

"नाही," वहिनी म्हणाल्या. "मी आणते. कुठून तरी आणते."

"मी आपलं विचारलं."

"विचारणारच की. मीही सगळ्यांना विचारतेच." वहिनींनी पिशवी उचलली. "दुसरीकडे नाहीच मिळालं, तर बघू."

हे शब्द आपण का उच्चारले, हे त्यांना जिना उतरतानाही उमगले नाही. पण उच्चारले खरे. आणि आता कापड मिळवणे आले, नाहीतर किल्ली फिरवणे आले.

प्रथम त्या तयार कपड्यांच्या कारखान्यात गेल्या. यंत्रांचा खडखडाट, वाफेच्या इस्त्रीचा दमट उबारा, आणि लांब टेबलापाशी गळ्यात टेप अडकवून उभा असलेला कटिंग मास्तर, सारे पूर्वीसारखेच होते. टेबलाखालची जमीन मात्र लख्ख होती.

"या वहिनी, या! पण आज हात हलवत जावं लागणार बरं का."

"का हो मास्तर? शिवणं बंद झालं की काय?"

"बंद कसलं, मान वर करायला फुरसत नाही. पण कात्रणाला गिऱ्हाईक मिळालंय. गाद्या भरणारा एकजण येतो, झाडून नेतो. मालकांनी बजावलंय, जमिनीवर पडलेला धागासुद्धा त्याचा."

वहिनींनी जमिनीकडे पाहिले, मग टेबलाकडे. "आणि टेबलावर असलेला?"

मास्तर आधी गोंधळला, मग पोट धरून हसला. "तुम्ही वकील व्हायला हवं होतं, वहिनी! टेबलावरच्याबद्दल मालक काही बोलले नाहीत खरे." त्याने टेबलाच्या कडेशी सरकलेले निळ्या सुती कापडाचे तुकडे दोन्ही हातांनी गोळा करून त्यांच्या पिशवीत घातले. मग जरा आवाज उतरवून म्हणाला, "मालकांचं... म्हणजे तुमच्या यजमानांचं कळलं होतं. यायचं राहून गेलं."

"असू द्या," वहिनी म्हणाल्या. त्या निळ्या रंगाची घडी घालीत होत्या.

पडद्यांच्या दुकानात नमुन्यांची पुस्तके मिळाली, परंतु त्यांचे कापड जाड, आणि पाठीला डिंकाने कागद चिकटवलेला. भिजवून सोडवावा तर कापडच सुटे. लॉजच्या व्यवस्थापकाने सांगितले की चादरी आता धुलाईवाल्याकडूनच भाड्याने येतात, फाटल्या तरी त्या त्याच्याच. "आम्ही फक्त झोपायला देतो हो," तो म्हणाला. जिथे जिथे काही टाकून दिले जाई, तिथे तिथे आता त्या टाकण्यालाही कुणी धनी झाला होता.

उरले एक घर. घड्याळे दुरुस्त करणाऱ्या एका वृद्धाची पत्नी निवर्तली होती, आणि तिसरा महिना चालू होता. वहिनींनी दार वाजवले. घड्याळजी बाहेर आले. भिंग अजून कपाळावर चढवलेले होते. वहिनींनी आपले वाक्य उच्चारले. ते सरळ आत गेले आणि एक बॅग घेऊन आले.

"सगळं ह्यात आहे. मुलीनं भरून ठेवलंय."

"एकदा बघून..."

"मला बघायचं नाही. न्या."

असे म्हणणारेही असतात. वहिनींनी बॅग उचलली. कोपऱ्यावर वळताना त्यांना दिसले की घड्याळजी उंबऱ्यातच उभे आहेत आणि बॅगेकडे पाहत आहेत. पूर्वी अशा वेळी त्यांची पावले मंदावत. आता त्यांनी फक्त बॅगेचा हात बदलला.

बॅगेतले बहुतेक कपडे नायलॉनचे, झुळझुळीत, मुलांच्या कातडीला टोचणारे निघाले. सुती असे चार-दोनच. बाकीचे नर्सबाईंनी घडी घालून बाजूला ठेवले.

घरी परतल्यावर वन्संचा समाचार ठरलेला. वन्सं म्हणजे यजमानांच्या थोरल्या भगिनी. टेलिफोन कचेरीत नोकरी केलेल्या, त्यामुळे हळू बोलणे त्यांना ठाऊकच नव्हते. शेजारच्या खोलीतल्या माणसाशीही त्या दूरगावी फोन लावल्यासारख्या बोलत.

"आलीस? मिळालं का काही?"

"थोडं."

"दारोदार फिरतेस हातात पिशवी घेऊन. आज शेजारीण विचारत होती, तुमच्या भावजयीच्या डोळ्यांना काही झालंय का म्हणून. पाणी येत नाही म्हणे."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"सांगितलं, मोतीबिंदू आहे."

वहिनींनी पाय धुतले. मागच्या अंगणातली दोरी ओली होती, तिच्यावर चिमटे होते, पण कपडे नव्हते. साबणाचा वास हवेत होता. आज धुण्याचा वार नव्हता, असे त्यांच्या मनात येऊन गेले. पण ते विचारण्यासाठी जे बळ लागते ते त्यांना कुठून आणावे हे कळले नाही, आणि त्या पाटावर बसल्या. वन्संनी ताट वाढले. त्यांच्या हातांची बोटे पाण्याने सुरकुतलेली होती.

दोन-तीन दिवसांनी वहिनी खोलीवर पोहोचल्या, तेव्हा दाराशी एक मोठे गाठोडे ठेवलेले होते. कुणी ठेवले ते दवाखान्याच्या शिपायालाही सांगता येईना. हेडबाईंनी गाठ सोडली आणि क्षणभर कुणी हात लावला नाही. असे दान क्वचित येते. स्वच्छ धुतलेले, कडक इस्त्री केलेले, घडीवर घडी बसवलेले पुरुषी शर्ट, विजारी, पातळ पंचे. पांढरे, फिकट निळे, बारीक रेघांचे. सगळे सुती, आणि वापरून वापरून असे मऊ झालेले की नव्या कापडाला ते मार्दव कधी येणार नाही.

"देव पावला," नर्सबाई म्हणाल्या आणि शिवण काढायची उसवणी हातात घेऊन बसल्यासुद्धा.

काम सुरू झाले. शिवण उसवल्याचा टरटर आवाज, कॉलरी डब्यात पडल्याचा हलका आवाज, आणि मग सपाट कापड वहिनींसमोर. पुठ्ठ्याचा चौकोन ठेवायचा, खडूने आखायचे, कात्री चालवायची. पाठ, बाह्या, पुढचे पाखे. कापड पाहायचे, कपडा पाहायचा नाही. वहिनींना ह्या दंडकाची आता आठवणही ठेवावी लागत नसे. कित्येक महिने त्या काहीच पाहत नव्हत्या. कात्री आपोआप वळत होती.

मध्येच नर्सबाई खुदकन हसल्या. "बघा बघा, ह्या घरची बाई भारी चिक्कू दिसते! एकूण एक कॉलर उलटवलेली."

"म्हणजे?" सासूबरोबर टाके घालायला येणारी एक तरुण सून विचारती झाली.

"अगं, कॉलरची घडी मानेवर झिजते ना, मग ती उसवून उलटी करून पुन्हा शिवायची. झिजलेली बाजू आत. शर्ट आणखी चार वर्षं चालतो. आजकाल कोण करतं हे! नवऱ्याला नवा शर्ट घेऊ देत नसणार."

"काटकसरी असेल," वहिनी कापता कापता म्हणाल्या.

"काटकसरी? अहो, एक शर्ट तर दोनदा उलटवलाय! तिसरी बाजू असती तर तीही काढली असती बयेनं."

सगळ्या हसल्या. हेडबाईंनी चौकोन उचलले आणि दुसऱ्या दंडकाप्रमाणे, पेरणी करावी तसे, एका गोधडीत दोन, दुसरीत तीन, असे सगळ्यांत विखरून लावले. आठवडाभरात एक सोडून बाकी गोधड्यांचे वरचे थर जोडून झाले. आता अस्तर लागत होते, धावदोरे पडत होते. कक्षाला होकार कळवला गेला. वहिनींच्या मनात एकच विचार, तोही दुरून ऐकू यावा तसा, उमटला: कपाट उघडावे लागले नाही.

गाठोड्यातले शेवटचे कापड एक पांढरी बाही होती. वहिनींनी पुठ्ठा ठेवला, आखले, कात्री लावली. अर्ध्यावर कात्री अडली. अगदी किंचित, दुसऱ्या कुणाच्या हाती असती तर जाणवलेही नसते. त्या जागी कापड केसभर जाड होते. वहिनींनी बाही खिडकीशी धरली. उजेडात कोपराच्या ठिकाणी एक नाण्याएवढी दाट जाळी दिसली. आडवे धागे, त्यांच्या खालून-वरून गेलेले उभे धागे. दोराही कापडाच्याच रंगाचा, कारण तो बाजारचा नव्हताच. शर्टाच्या आतल्या दुमडीतून एकेक धागा ओढून काढून ते रफू केलेले होते.

असे रफू त्यांनी दुसऱ्या कुणाचे पाहिले नव्हते. ते त्यांना त्यांच्या आईने शिकवले होते. उजव्याच कोपराशी, कारण खिळे वेचताना यजमानांचा उजवा कोपर खिळ्यांच्या पेटीच्या लाकडी कडेवर सतत घासला जाई. डावी बाही कधी विरत नसे.

त्यांनी बाही खाली ठेवली. उठून नर्सबाईंच्या शेजारचा पत्र्याचा डबा ओढला आणि त्यातल्या कॉलरी टेबलावर ओतल्या. एकेक उलगडून पाहिली. त्या सगळ्या त्यांना ओळखू आल्या. कुठला टाका कोणत्या साली घातला, कुठल्या वेळी घरात पांढरा दोरा संपला होता म्हणून राखाडी वापरला, सगळे. आपण कित्येक दिवस ह्या घरच्या पाठी कापल्या, ह्या घरच्या बाह्या कापल्या, आणि आपल्याला काहीही कळले नाही. त्यांना तेवढेच वाटले. त्याच्या पलीकडे काही वाटेल म्हणून त्या थांबल्या. काही आले नाही.

"काय झालं?" नर्सबाईंनी विचारले.

"ती चिक्कू बाई मी," वहिनी म्हणाल्या.

नर्सबाईंनी उसवणी खाली ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावर जे आले ते वहिनींना पाहवेना, म्हणून त्यांनी कॉलरींकडे पाहिले.

हेडबाईंनी सावकाश टेबलाच्या दुसऱ्या टोकाशी जाऊन रचलेल्या गोधड्यांवर हात ठेवला. "उसवू," त्या म्हणाल्या. "सगळ्या उसवू. तुकडा न तुकडा परत देते तुम्हाला. कक्षाला कळवू, उशीर होईल म्हणून. काही बिघडत नाही."

हेडबाईंनी आजवर कुणासाठी लावलेला टाका काढला नव्हता. बायकांनी कात्र्या हातात घेतल्यासुद्धा. वहिनींनी गोधड्यांकडे पाहिले. जवळच्या गोधडीत दोन फिकट निळे चौकोन होते. त्यांच्यामध्ये कुणाच्या तरी फुलाफुलांच्या झग्याचा एक तुकडा, शेजारी कारखान्याच्या टेबलावरून आणलेले ते निळे कापड. परत घेतले तर हाती काय येणार होते? चौकोन. शर्ट काही येणार नव्हता.

"नको," त्या म्हणाल्या. "जाऊ द्या. थंडी आलीये."

"नीट विचार करा, वहिनी."

"केला." मग त्यांनी ती बाही पुन्हा ओढली, पुठ्ठा असा सरकवला की रफू नेमके मध्यभागी यावे, आणि चौकोन कापला. "हा त्या शेवटच्या गोधडीत लावा."

हेडबाईंनी तो हातात घेऊन बोटाने चाचपला. रफूचा तुकडा गोधडीत घालायचा नाही, तो आधी विरतो, हेही त्याच शिकवीत आल्या होत्या. त्यांनी ओठ उघडले.

"हा टिकेल," वहिनी म्हणाल्या. "हे मी केलंय."

हेडबाईंनी चौकोन गोधडीच्या मधोमध ठेवला आणि टाचणी लावली.

संध्याकाळी वहिनी घरी आल्या त्या सरळ कपाटाकडे गेल्या. किल्ली सहज फिरली. आत लाकडी हँगर होते, एका रांगेत, सारख्या अंतरावर. खालच्या कप्प्यात कागद पसरलेला. दार बंद असताना आणि उघडे असताना, आत होते ते इतकेच. किती दिवस आपण रिकाम्या लाकडावरून फडके फिरवीत होतो, असा विचार त्यांच्या मनात आला.

मागे वन्सं येऊन उभ्या राहिल्या होत्या. प्रथमच त्यांचा आवाज लहान होता.

"कळलं तर."

"आज कळलं."

"कोटाला कसर लागली होती. मी सहज म्हणून उघडलं, तर भुगा पडला खाली. आणखी महिनाभर राहिलं असतं तर शर्टही गेले असते." वन्संनी पदर नसलेल्या खांद्यावर हात फिरवला, काहीतरी सावरल्यासारखा. "तू दुसऱ्यांच्या दारात उभी राहायचीस. आपल्या घरी भरलेलं कपाट. मला ते सहन होईना."

"विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस, आणि दिलं नसतंस." हे खरे होते. "सगळे मी हातानं धुतले. एकेक. धाकट्याचे कपडे मी लहानपणी धुतलेले, तसे. तू यायच्या आत वाळवून, इस्त्री करून ठेवायची. मला वाटलं, तुला ओळखू येतील. पहिल्याच दिवशी तू येऊन भांडशील. मी रोज वाट पाहत होते." वन्संनी रिकाम्या हँगरांकडे पाहिले. "तू यायचीस, पाय धुवायचीस, जेवायचीस."

वहिनींनी पिशवीतून कॉलरी काढल्या आणि पलंगावर मांडल्या. "ह्या गोधडीत जात नाहीत. म्हणून आणल्या."

वन्सं पलंगाच्या कडेवर बसल्या. चष्मा नाकावर सरकवून त्यांनी एक कॉलर उचलली, उलटी केली, सुलटी केली. टेलिफोनच्या तारा तपासाव्या तशा त्या टाके पाहू लागल्या.

"हा बघ, हा वाकडा गेलाय."

"तुमच्या भावाला घाई होती. अंगात घालूनच शिवून घेतला. बोलू नका म्हटलं तरी बोलत होते."

"काय बोलत होता?"

वहिनींनी आठवून पाहिले. मानेची ऊब, सुईचे टोक कातडीपासून दूर राहावे म्हणून मध्ये धरलेले आपले बोट, हे आठवले. शब्द आठवेनात. "आठवत नाही," त्या म्हणाल्या.

"छापखान्यातलं असेल काहीतरी."

"असेल."

वन्संनी ती कॉलर आपल्याकडे ठेवली. बाकीच्या वहिनींनी कपाटात ठेवल्या, दार लावायला हात केला, तशा वन्सं आपल्या मूळच्या आवाजात ओरडल्या, "राहू दे उघडं! हवा लागू दे जरा." वहिनींनी ते उघडेच ठेवले.

दुसऱ्या दिवशी गोधड्या कक्षात गेल्या. वहिनी मात्र रुग्णालयात गेल्या नाहीत. त्यांनी खोलीवर नर्सबाईंकडून घड्याळजींच्या पत्नीच्या कपड्यांचे उरलेले सारे मागून घेतले: न लागलेले नायलॉनचे झगे, आणि सुती कपड्यांच्या कॉलरी व उसवलेले खिसे. खिसे त्यांनी वेगळ्या कागदात बांधले.

घड्याळजींनी दार उघडले. भिंग कपाळावरच होते. वहिनींचे ठरलेले वाक्य अशा वेळी कामाचे नव्हते, आणि दुसरे त्यांनी कधी बेतलेले नव्हते.

"हे आमच्या कामाचं नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही एकदा बघा. मग नको असेल तर मी परत नेईन. मी थांबते."

घड्याळजींनी खिशांची पुडी घेतली. उभ्या उभ्याच उघडली. एका खिशाच्या तळाशी दुहेरी शिवण होती, कसल्यातरी वजनाने फाटू नये म्हणून घातलेली. त्यांनी भिंग डोळ्यावर ओढले आणि ती शिवण बराच वेळ पाहिली.

"किल्ल्या," ते म्हणाले. "दुकानाच्या किल्ल्या तिच्याकडे असायच्या." मग, भिंग न काढताच, "बसता का जरा? चहा टाकतो."

इतक्या वर्षांत कुठल्या घराने त्यांना बसा म्हटले नव्हते. त्यांनीच तेवढी सवड कधी दिली नव्हती. वहिनी आत गेल्या. टेबलावर उघडी घड्याळे होती, काही चालू, काही थांबलेली. घड्याळजींनी दोन कप आणले, आणि खिसा टेबलावर, घड्याळांच्या मध्ये ठेवला.

वहिनींनी कप तोंडाला लावला. चहा फार गरम होता, जीभ पोळली. त्यांनी कप खाली ठेवला आणि तो निवण्याची वाट पाहत बसल्या.